गो भाषेतलं आयपीव्ही६: द्राक्षाचा एक हंगाम वापरल्यावर

दिंडोरी, पिंपळगावकडच्या पॅकहाउसमधल्या प्रीकूलिंग खोल्यांचं (माल झटपट गार करायच्या खोल्यांचं) तापमान आमच्या सर्व्हरवर येतं. यंत्रांत मोबाइलची सिम कार्डं, सर्व्हरचा कोड गो या प्रोग्रॅमिंग भाषेत, आम्ही बसतो अंबडला. हंगाम सुरू व्हायच्या आधी सगळं आयपीव्ही६वर, म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांच्या नव्या, लांब पद्धतीवर आणलं (जुनी ती आयपीव्ही४). आता गर्दी ओसरलीय, म्हणून सविस्तर लिहितोय.

भाषेच्या बाजूने फारसं काही करावंच लागलं नाही. नेट.लिसन या जोडण्या स्वीकारणाऱ्या फंक्शनला नुसता पोर्ट (सर्व्हरवरचा दार-क्रमांक) दिला की लिनक्सवर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्ही प्रकारची कनेक्शनं एकाच सॉकेटवर येतात. बाहेर जोडणी करताना तर आणखी सोय. आमच्या ऑफिसच्या ब्रॉडबँडला आयपीव्ही६ नावापुरतं आहे. पत्ता मिळतो, पॅकेट कुठे गडप होतं देव जाणे. फोन केला की एकच उत्तर, ‘राउटर बंद करून चालू करा.’ तरी प्रोग्रॅम अडले नाहीत. आयपीव्ही६ने ३०० मिलिसेकंदांत जमलं नाही तर गो आयपीव्ही४चाही प्रयत्न सुरू करतं आणि जे आधी जुळेल ते घेतं. १.१२ आवृत्तीपासून हे आपोआप होतं.

घाम काढला तो आमच्याकडे वारशाने आलेल्या जुन्या कोडने. होस्ट, कोलन, पोर्ट असं सरळ चिकटवलेलं. आयपीव्ही६च्या पत्त्यातच कोलन असतात, त्यामुळे पत्ता चौकटी कंसात हवा. ते गोचं जॉइनहोस्टपोर्ट हे फंक्शन करतं. १.२५मधलं गो व्हेट, म्हणजे कोडमधल्या चुका शोधणारं साधन, अशा ओळी स्वतःच दाखवतं, हे मला फार आवडलं. डेटाबेसमधला आयपीव्ही४पुरता १५ अक्षरांचा रकाना मात्र कोण दाखवणार? आयपीव्ही६चा पूर्ण लिहिलेला पत्ता ३९ अक्षरांचा होतो.

२०२२मध्ये १.१८सोबत आलेलं, पत्ते हाताळणारं नेटआयपी पॅकेज घ्याच. जुना नेट.आयपी म्हणजे बाइटची स्लाइस (यादी), मॅपची (नोंदी शोधायच्या तक्त्याची) की म्हणून चालत नाही. नेटआयपीचा पत्ता चालतो. पण एक खोच आहे. टीसीपीअ‍ॅडरवरून अ‍ॅडरपोर्ट काढलं की आयपीव्ही४चा पत्ता ::ffff:203.0.113.7 अशा वेषात येऊ शकतो, आणि मॅपमध्ये एकाच यंत्राच्या दोन नोंदी होतात. अनमॅप (हा वेष उतरवणारं फंक्शन) मारलं की प्रश्न मिटतो. हे डॉक्युमेंटेशनमध्ये जरा ठळक हवं होतं.

प्रत्येक पत्त्यामागे विनंत्यांची मर्यादा लावत असाल तर ती आयपीव्ही६ला निरुपयोगी. एका सिमला सहसा अख्खं /64 (पहिले ६४ बिट सारखे असलेला पत्त्यांचा गठ्ठा) मिळतं, पत्ता हवा तेव्हा बदलता येतो. आम्ही प्रीफिक्स(64)ने पत्त्याचा तो समान भाग घेऊन त्यावर मोजतो.