सोळा नळ्यांचं रेग्युलेटरवालं सेंट्रीफ्यूज: लाइट गेल्यावर कळते खरी घडण

पत्र्याचा गोल डबा, वर झाकण, पुढे वेगाची खुंटी, आत कार्बन ब्रशची मोटार. मराठवाड्यात तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये असं सेंट्रीफ्यूज, म्हणजे रक्ताच्या नळ्या वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारं यंत्र, हमखास दिसतं. एकाच घडणीचं यंत्र अनेक नावांनी विकलं जातं, म्हणून हे परीक्षण कंपनीचं नाही, घडणीचं आहे.

सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव, वेगळं करायला ते चांगलं आहे. रोटरची (नळ्यांचे बकेट धरून फिरणाऱ्या भागाची) त्रिज्या 15 सेंटिमीटर असेल तर 2,700 आरपीएमला (मिनिटाला फेरे) सुमारे 1,200 जी, म्हणजे गुरुत्वाच्या 1,200 पट ओढ मिळते. रक्त नीट गोठलेलं असेल तर 10 मिनिटं पुरतात. कामात खोट नाही. खोट आहे सुरक्षिततेत, आणि आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते हे पाहता ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

प्रयोगशाळेच्या सेंट्रीफ्यूजसाठी आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक संस्थेचं 61010-2-020 हे स्वतंत्र मानक आहे. त्यानुसार रोटर फिरतोय तोवर झाकण कुलूपबंद हवं, आणि कडेचा वेग सेकंदाला 2 मीटरवर येईपर्यंत ते उघडता कामा नये. या रोटरला तो वेग म्हणजे जेमतेम 127 आरपीएम. 3,500 आरपीएमला हीच कड ताशी 198 किलोमीटरने धावत असते. स्वस्त यंत्रात झाकणाला नुसती क्लिप असते. काहींत मायक्रोस्विच असतो. झाकण उचललं की मोटारीची वीज तुटते, पण रोटर आपल्या वेगाने फिरतच राहतो. सर्वांत फसवं म्हणजे वीज असेपर्यंतच धरून ठेवणारं सोलेनॉइडचं (विजेच्या चुंबकाचं) कुलूप. लाइट गेली की ते सुटतं, आणि आत रोटर पूर्ण वेगात असतो.

दुसरा धोका लाइट परत येण्याचा. खुंटी 3,000 वर राहिली, कुणी झाकण उघडून नळ्या काढायला घेतल्या आणि वीज आली, तर यंत्र आपोआप सुरू होतं. वीज परतल्यावर यंत्राने स्वतःहून चालू होऊ नये, हा यंत्रसुरक्षेचा पायाभूत नियम आहे. शेतातल्या मोटारीला लावतात तसा ‘ऑटो’ इथे मुळीच नको. नो-व्होल्ट रिलीज असलेला, म्हणजे लाइट गेली की स्वतः बंद होऊन पुन्हा दाबेपर्यंत बंदच राहणारा स्टार्ट-स्टॉप स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतला तर जुन्या यंत्राची ही खोट निघते. झाकणाच्या कुलपाची मात्र अशी बाहेरून दुरुस्ती होत नाही.

म्हणून दुकानात पैसे देण्याआधी सगळे बकेट रिकामे बसवून यंत्र पूर्ण वेगात न्या आणि सॉकेटचा स्विच बंद करा. झाकण हळूच उचलून पाहा. हलकं वर आलं तरी यंत्र नापास. खुंटी तशीच ठेवून, रोटर थांबल्यावर स्विच पुन्हा चालू करा. यंत्र फिरू लागलं तरी नापास. रोटर हाताने थांबवून दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून काहीच घेऊ नका.

‘सीई’चा, म्हणजे युरोपचे नियम पाळल्याचा शिक्का पाहून समाधान मानू नका. तो बहुधा उत्पादकाचा स्वतःचा दावा असतो. अनुरूपतेचं घोषणापत्र मागा आणि त्यात 61010-1 सोबत 2-020 आहे का ते वाचा. नुसतं पहिलं असेल तर विजेच्या उपकरणांची सर्वसाधारण सुरक्षा तपासली आहे, सेंट्रीफ्यूजच्या खास अटी नाहीत. युरोपच्या 2006/42/ईसी या यंत्रनिर्देशात संशोधनासाठी खास बनवलेल्या, तात्पुरत्या वापराच्या प्रयोगशाळा-यंत्रांना सूट आहे. रोज सिरम काढणाऱ्या यंत्राला ती लागू होत नाही, कुणी कितीही सांगो.

तोल हा वापरणाऱ्याच्या हातातला भाग. 3,500 आरपीएमला सुमारे 2,050 जी पडतं, म्हणजे समोरासमोरच्या नळ्यांत 1 ग्रॅमचा फरक एका बाजूला दोन किलोची ओढ लावतो. नळ्या डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, तराजूवर जुळवा. बकेटच्या तळाची रबरी गादी एकीकडे असून दुसरीकडे नसेल तरी तोल जातो, आणि काचेची नळी फुटते. फुटल्याचा आवाज आला तर यंत्र बंद करून 30 मिनिटं झाकण उघडू नका. रक्ताचे सूक्ष्म थेंब आत तरंगत असतात. हायपोक्लोराइटने पुसल्यावर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर ॲल्युमिनियमच्या बकेटला खड्डे पडतात आणि लटकण्याच्या खाचेपाशी तडा जातो. तडा दिसला की बकेट फेकायचं, वेल्डिंग करायचं नाही.

यंत्राभोवती 30 सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. ते चालू असताना तिथे ना बाटल्या, ना माणूस. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, तेव्हा त्यात पाणी घालत राहा.

आमचा कौल: नवीन घेत असाल तर रेग्युलेटरवालं नको. ब्रशलेस मोटार, तोल बिघडला की बंद पडणारा सेन्सर आणि वीज गेल्यावरही बंद राहून फक्त हत्याराने उघडणारं कुलूप असलेलं घ्या, नळ्या आठच बसत असल्या तरी चालेल. जुनं चालवावंच लागणार असेल तर स्विच बसवा, झाकणावर ‘रोटर थांबल्याशिवाय उघडू नये’ असं मराठीत ठळक लिहा आणि कार्बन ब्रशची एक जोडी कपाटात ठेवा. किनवट-उदगीरला सुटे भाग हाताशी नसतात, आणि झिजलेल्या ब्रशच्या ठिणग्यांनी कम्युटेटर (ब्रश घासतात तो मोटारीचा तांब्याचा भाग) खराब झाला की मोटारच बदलावी लागते.