दुसऱ्यांच्या बागा पाहाव्यात की स्वतःच्या बागेचे फोटो काढावेत?

बागेच्या आखणीसाठी कल्पना हव्या असतील तर दोन वाटा आहेत: नावाजलेल्या बागा वेगवेगळ्या ऋतूंत पाहणं, किंवा आपल्याच बागेचा दर महिन्याला एकाच जागेवरून फोटो काढणं.

बागा पाहिल्या की आपल्याला एरवी सुचलंच नसतं ते दिसतं. न्यूयॉर्कची हाय लाइन घ्या. जुन्या मालगाड्यांच्या उंचावरच्या मार्गावर फुललेल्या या बागेचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. लागवडीची योजना डच उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांची. फुलं गेल्यावरही वाळलेले देठ, बोंडं आणि गवताचे तुरे तिथे हिवाळाभर उभे ठेवतात, वसंताच्या तोंडावर छाटतात. सुकलेलं झाडही रचनेचा भाग असतं, हे भर बहरात कळत नाही. म्हणून बहर ओसरल्यावरच अशा बागांना जा, असं मी आग्रहाने सांगेन. अडचण ही, की तिथली माती, ऊन आणि माळ्यांची फौज आपल्याकडे नसते.

फोटो आपली जमीन दाखवतात: सूर्य खाली असताना सावली कुठवर लांबते, पाणी कुठे साचतं, कोणता कोपरा महिनोन्महिने ओका राहतो. रंगांची भुरळ टाळायला फोटो कृष्णधवल करून पाहा. पानांचा पोत आणि झाडांच्या उंचीतला फरक लगेच उठून दिसतो. नवी कल्पना मात्र यातून क्वचितच मिळते.

माझी पसंती आधी फोटोंना. ते हाताशी असले, की दुसऱ्याच्या बागेत नेमकं काय शोधायचं हे ठरलेलं असतं: सावलीत तग धरणारं झुडूप, किंवा उशिरा फुलणारं गवत.