जात्याऐवजी घरगुती चक्की : घ्यावी का?

पूर्वीच्या बायकांची पहाट जात्याच्या खुंट्यापाशी उजाडायची. आता एक अश्वशक्तीची चक्की लावून बाई ऑफिसची तयारी करते. सोय शंभर नंबरी. चक्कीतली पीठ गाळणारी जाळी झाडायचं काम मात्र अजून बहुतेक घरांत तिच्याच वाट्याला!

या चक्कीत दगड नसतो. पाती वेगाने फिरून धान्य फोडतात, पीठ जाळीतून गळतं, म्हणून ते गरम निघतं. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर घाम धरून गुठळ्या होतात. नाशिककडच्या पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) धुतलीत तर कडकडीत वाळवा. ओलसर दाण्याने जाळी तुंबते, मोटरवर ताण येतो. भाकरीला बारीक जाळी, लाडवाच्या बेसनाला जाड. बाजरी थोडीथोडीच दळा, पीठ लवकर कडवट होतं.

आवाज मोठा. फ्लॅटमध्ये दुपारी लावू नका.