एक टनी चेन पुली आणि घरी उतरवलेलं मारुती 800 चं इंजिन

मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर तिपाईसकट (पुली टांगायचा तीन पायांचा उंच स्टँड) ही चेन पुली, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, घेतली, आता उन्हाळा लागलाय. तेवढ्या काळात तिने कार्बोरेटरवाल्या 800 चं इंजिन गिअरबॉक्ससकट उतरवलं, बांधून आल्यावर परत बसवलं आणि मध्ये शेजाऱ्यांच्या बोअरची मोटरही वर काढून दिली.

796 सीसीच्या तीन सिलिंडरांना एक टन म्हणजे जास्तच झालं, अर्ध्या टनात भागलं असतं. पण पुलीचं खरं कौतुक उचलण्यात नाही, थांबण्यात आहे. हातसाखळी सोडली की वजन तिथल्या तिथे अडतं, कारण आतला ब्रेक त्या वजनानेच आवळला जातो. इंजिन परत बसवताना माउंटिंगची भोकं जुळत नव्हती. साखळीच्या दोन-तीन कड्या ओढायच्या, इंजिन केसभर खाली, मग पहारीने जरा रेटायचं, की बोल्ट आत. हायड्रॉलिक क्रेनचा व्हॉल्व्ह सोडताना एवढा ताबा मला तरी कधी मिळाला नाही.

क्रेनला चाकं असतात, हे मात्र मान्य. इथे इंजिन टांगलेलं ठेवून गाडीच मागे ढकलायची. त्यासाठी चाकं जागेवर हवीत, म्हणून ड्राइव्ह शाफ्ट (चाकं फिरवणारे दांडे) गिअरबॉक्समधून सोडवून चाकाच्या हबमध्येच राहू दिले आणि त्यासाठी सोडलेले चाकांकडचे बॉल जॉइंट परत जोडून घेतले. (गिअर ऑइल त्याआधीच काढा, नाहीतर सगळं फरशीवर.) तिपाईचे दोन पाय बॉनेटच्या दोन अंगांना आणि तिसरा बंपरच्या पुढे हवा. गाडी 1.44 मीटर रुंद आहे, तेव्हा दोन पायांत सहा फूट तरी सोडा आणि तिन्ही पाय खालून साखळीने एकमेकांना बांधा. तिपाईऐवजी छताच्या पंख्याच्या हुकाला पुली टांगायचा विचार कोणी करत असेल तर तो आत्ताच सोडावा.

आता तक्रारी. पुली इतकी निमूट ओढते की कुठे काही अडकलंय हे हाताला कळतच नाही. इंजिनचं वजन गाडीवरून गेलं की तिचं तोंड तसंही थोडं वर येतं, त्यामुळे त्यावरूनही अंदाज लागत नाही. नजर स्पीडोमीटरच्या केबलवर आणि अर्थिंगच्या पट्टीवर ठेवायची, राहतात त्या हमखास याच दोन. दुसरं म्हणजे, वरच्या हुकापासून खालच्या हुकापर्यंत फूटभर उंची पुलीच खाते, हे दुकानात कोणी सांगत नाही. हुकाच्या खिटीची स्प्रिंग पहिल्याच पावसात ढिली पडली, ती बदलली. साखळीवर तांबेरा चढला. तेलाचं फडकं फिरवलं की तो जातो, पण डबाभर तेल ओतू नका. आत ब्रेकच्या चकत्यांवर तेल उतरलं तर ब्रेकच घसरेल.

प्रीमियर पद्मिनी गाडीवाल्यांनी, त्यांचं इंजिन या तिपाईवर निघेल का, असं विचारलंय म्हणून सांगतो. तिचा गिअरबॉक्स इंजिनच्या मागे लांबट बसतो, दोन्ही एकदम काढायचे तर बरंच तिरकं करून ओढावं लागतं. माझ्या तिपाईची उंची त्याला पुरणार नाही. गिअरबॉक्स गाडीतच ठेवून नुसतं इंजिन काढायचं असेल तर पुरेल.