गढीलगत बांधकामाआधी पुरातत्त्व पाहणी : पैसे वसूल, अहवाल सोडून

चाळीसगाव तालुक्यात, गिरणेच्या काठावरच्या गावात, जुन्या गढीच्या पायथ्याशी वाचनालयाची इमारत बांधायचं काम माझ्याकडे आहे. पाया घेण्याआधी जागेखाली काय आहे ते तपासून घ्यावं, असं वाचनालयाच्या मंडळाने ठरवलं आणि पुण्याहून पुरातत्त्व शिकलेल्या दोघांना बोलावलं. आपल्याकडे अशी पाहणी फार कमी लोक करून घेतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून 100 मीटरमध्ये बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगीची अट, हा 2010 च्या दुरुस्तीनंतरचा कायदा. आमची गढी संरक्षित यादीत नाही, त्यामुळे कुणी अडवलं नसतं. पण जागा पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडावर आहे. घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर टाकायला आणलेल्या पांढरीच्या मातीत खापरं निघतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. याच तालुक्यात बहाळला 1950 च्या दशकात पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगडाची हत्यारं वापरणाऱ्या लोकांची वस्ती उजेडात आली. तालुक्यातच एका गढीचा बुरूज जेसीबीने एका दुपारीत सपाट झालेला मी पाहिलाय. तिथे काय होतं, ते आता कायमचं गेलं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

या दोघांनी आधी कागद काढले : 1880 चं खानदेश गॅझेटियर, जुने मोजणी नकाशे, उपग्रहाची चित्रं. मग जागा पायी पालथी घातली आणि गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. ईशान्य कोपऱ्याकडे बोट दाखवून एक आजोबा म्हणाले, "आठे पेव व्हतं, मन्हा आजा सांगे." म्हणजे इथे पेव, धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा होता, असं त्यांचे आजोबा सांगायचे. ते कुठल्याच नकाशात नव्हतं.

पुरातत्त्वीय उत्खननाला सरकारची मंजुरी लागते, त्यामुळे ते स्वतः खोदायला बसले नाहीत. मातीपरीक्षणासाठी आम्ही खड्डे घेणारच होतो, तेच त्यांनी हळूहळू, थराथराने घ्यायला लावले. जेसीबीच्या दातांवर सपाट पट्टी वेल्ड करून घेतली, म्हणजे माती उकरली न जाता तासली जाते. ईशान्येच्या खड्ड्यात वर मुरमाचा भराव, मग पडक्या भिंतींची पांढरी माती, मग बोटभर राख. त्याखाली घट्ट पिवळ्या मातीत एक भुसभुशीत करडा गोल दिसायला लागला. खुरपीने कड मोकळी केली तर आतून शेणमातीचा लेप, त्यावर गवताच्या काड्यांचे ठसे. ते पेवच होतं! आणि आमच्या कोपऱ्यातल्या कॉलमचा फुटिंग, म्हणजे कॉलमखालचा पाया, अर्धा त्याच्यावर, अर्धा घट्ट मातीवर येत होता. एक बाजू बसली असती आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीला तिरका तडा गेला असता. आता कॉलमची ओळ सरकवली आहे आणि पेव न फोडता बुजवून ठेवलंय.

आणखी एका गोष्टीसाठी त्यांचं मनापासून कौतुक. जमिनीखालचं रडारने बघता येईल का, असं मीच विचारलं होतं. काळ्या चिकण मातीत रडारच्या लहरी खोल जात नाहीत आणि आपला काळा दगड चुंबकीय पाहणीत गोंधळ घालतो, इथे त्यावर पैसे घालू नका, असं त्यांनी सरळ सांगितलं. दुसरा कुणी असता तर मशीन आणून बिल लावलं असतं. मजुरांनाही पहिल्याच दिवशी जवळ बसवून समजावलं की जमिनीत दडवलेला दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ऐवज सापडला तर 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. पाया खोदला जात असताना दोघांपैकी एकजण कायम खड्ड्याच्या काठावर हजर होता.

नाराजी अहवालाची. तो उशिरा आला आणि तोही पूर्ण इंग्रजीत. मंडळातल्या बहुतेकांना तो वाचता येईना. मागितल्यावर दोन पानं मराठीत करून दिली, पण ती न मागता यायला हवी होती. थरांची रेखाटनं मात्र इतकी नेटकी आहेत की आमच्या आरसीसी डिझायनरने त्यांच्यावरूनच नवे फुटिंग काढले.

फी आरसीसी डिझाइनच्या फीपेक्षा कमी पडली. कुणाला अशी पाहणी करून घ्यायची असेल तर डिझाइन पक्कं व्हायच्या आधी बोलवा, नाहीतर कॉलम हलवायचे पैसे वेगळे जातात. आणि अहवाल मराठीत हवा, निघालेली खापरं कुणाच्या ताब्यात राहणार, हे दोन्ही कामाच्या पत्रातच लिहून घ्या.