एसलिंगेनमधल्या घरात चौदा महिने

घराच्या किल्ल्या हातात आल्या १ ऑगस्ट २०२४ ला. त्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसते पेढे वाटले असते. आता एक अख्खा हिवाळा, दीड उन्हाळा, मालकांची एक बैठक आणि आठ हजार युरोंचा एक फटका पचवून लिहितोय, त्यामुळे जरा शुद्धीवर आहे.

घर जर्मनीत, एसलिंगेनला. श्टुटगार्टहून एस-बान या लोकल ट्रेनने पाव तासाच्या आसपास, नेकार नदीच्या खोऱ्यात. १९७२ साली बांधलेली आठ फ्लॅटची इमारत, लिफ्ट नाही, आम्ही सगळ्यात वर, तिरक्या छपराखाली. ८२ चौरस मीटर, किंमत ३,६०,००० युरो. राहणारे आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक.

सगळे आधी हेच विचारतात, म्हणून सांगून टाकतो: जर्मनीत घर घ्यायला जर्मन नागरिक असावं लागत नाही. कायद्याची आडकाठी नाही. आडकाठी असते ती बँकेची. मुदतीच्या व्हिसावर होतो तेव्हा दोन बँकांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं. कायम वास्तव्याचं कार्ड आल्यावर तोच पगार, तीच नोकरी, पण बोलण्याचा सूर बदलला.

आता पैसे. जाहिरातीत दिसते ती किंमत म्हणजे अर्धीच गोष्ट. घर घेण्यावरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा: आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये ५ टक्के, शेजारच्या बायर्नमध्ये ३.५, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये ६.५. आमचे त्यात १८,००० गेले. माक्लर, म्हणजे एजंट, त्याचे ३.५७ टक्के म्हणजे १२,८५२. डिसेंबर २०२०पासून, एजंट विकणाऱ्याने नेमला असेल तर घेणाऱ्यावर निम्म्याहून जास्त दलाली टाकता येत नाही, तरी ही एवढी! नोटार, म्हणजे खरेदीचा करार करून देणारा सरकारमान्य कायदेतज्ज्ञ, आणि जमीन नोंदणी मिळून साधारण २ टक्के. एकूण ३८,००० युरो, आणि यातली एकही वीट होत नाही. बँक या रकमेला कर्ज द्यायला फारशी राजी नसते, ती आपल्या गाठीची लागते. माक्लरने या पैशात काय केलं? दार उघडलं आणि 'उजेड छान आहे' म्हणाला. उजेड छान आहे, हे मान्य.

त्याचं सगळं कौतुक बाल्कनी नैऋत्येला आहे याचं. इथे ते लाखमोलाचं, कारण संध्याकाळचं ऊन मिळतं. आईला व्हिडिओ कॉलवर घर दाखवलं तर तिचा प्रश्न एकच: "मुख्य दार कुठल्या दिशेला?" जिन्यात उभा राहून मोबाइलचं होकायंत्र फिरवत बसलो. माक्लर बिचारा नेटवर्क शोधतोय समजून वायफायचा पासवर्ड सांगायला लागला.

क्षेत्रफळाचा हिशोब मात्र मला मनापासून आवडला. तिरक्या छपराच्या घरात जिथे उंची दोन मीटरहून कमी तिथली जागा निम्मीच धरतात, एक मीटरहून कमी असेल तर धरतच नाहीत. बाल्कनी साधारण चौथा हिस्सा. म्हणजे कागदावर ८२ असलं तरी फरशी त्याहून बरीच जास्त. लेकीचा सगळा खेळ त्या न मोजलेल्या कोपऱ्यात चालतो. कार्पेट, बिल्टअप, सुपर बिल्टअप ऐकून ऐकून मोठ्या झालेल्या माणसाला विकत घेतल्यापेक्षा जास्त जागा मिळणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

नोटारचा दिवस लक्षात राहील. करार त्याच्यासमोर झाल्याशिवाय इथे घराचा व्यवहार वैधच नसतो, आणि तो सगळा करार त्याला मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. मसुदा दोन आठवडे आधी हातात आला होता. माझं जर्मन बाजारहाट आणि ऑफिसपुरतं. नोटारने फोनवर दोन वाक्यं ऐकली आणि दुभाषी आणायला सांगितलं. त्याचा खर्चही आमच्याकडेच. मग पावणेदोन तास: तो पोथी वाचल्यासारखा न थांबता वाचतोय, दुभाषी बाई इंग्रजीत सांगतायत, ही माझ्या शेजारी बसून मसुद्यावर मराठीत खुणा करतेय. एका जागी हिने बोट ठेवलं: 'घर जसं पाहिलं तसं घेतलं.' म्हणजे उद्या भिंतीत ओल निघाली तर विकणाऱ्याकडे जायचं नाही, त्याने जाणूनबुजून लपवली असेल तरच. जुन्या घरांच्या करारात हे कलम असतंच. नोटार दोघांचाही असतो, तुमचा वकील नसतो. कलमाचा अर्थ तो सांगेल, घर घेऊ नका असं कधीच सांगणार नाही.

पण व्यवस्था म्हणून पाचपैकी पाच. सही झाली की आधी ग्रुंडबुख या जमीन नोंदवहीत तुमच्या नावाची आगाऊ नोंद होते, म्हणजे विकणारा तेच घर दुसऱ्याला विकू शकत नाही. मग नोटारचं पत्र येतं की आता पैसे भरा. त्याआधी एक युरोही द्यायचा नाही. कर भरल्याचा दाखला मिळाला की मगच मालक म्हणून नाव चढतं. आमचं चढलं नोव्हेंबरात. गावाकडून काकांनी विचारलं होतं, "व्हाइट किती, ब्लॅक किती?" एप्रिल २०२३पासून इथे घराचे पैसे रोखीत देण्यावरच बंदी आहे, असं सांगितलं. काका बराच वेळ गप्प होते.

स्वयंपाकघराबद्दल सावध राहा. बरेच लोक घर सोडताना ओटा, कपाटं, सिंक सगळं उचलून नेतात. आम्हाला घर विकणाऱ्याने ५,००० युरोंत जुनं किचन ठेवलं. नोटारच्या ऑफिसातल्या बाईंनी ते करारात वेगळं लिहायला सुचवलं, कारण हलवता येणाऱ्या वस्तूंवर तो ५ टक्के कर लागत नाही. अडीचशे युरो वाचले. दिवे मात्र तो घेऊन गेला. पहिल्या रात्री छतातून लोंबणाऱ्या वायरींखाली आम्ही मोबाइलच्या टॉर्चवर वरण-भात खाल्ला.

हिवाळ्यात दुसरा धडा. भाड्याच्या घरात खिडकी उघडा म्हणून घरमालक पत्र पाठवायचा, आम्ही दुर्लक्ष करायचो. इथे डिसेंबरात लेकीच्या कपाटामागे काळे ठिपके दिसले. आपल्या फोडण्या, तीन शिट्ट्यांचा कुकर, घरात वाळत घातलेले कपडे, ती सगळी वाफ थंड बाहेरच्या भिंतीवर जाऊन बसते. आता दिवसातून तीनदा सगळ्या खिडक्या पाच मिनिटं सताड उघड्या, मग बंद, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे. ठिपके परत आले नाहीत. उन्हाळ्याला मात्र असा उपाय सापडला नाही. छपराखालच्या खोलीत जुलैमध्ये रात्री अकराला ३० अंश. एसीचं बाहेरचं युनिट भिंतीला लावायचं तर इतर मालकांचा ठराव लागतो. बाल्कनीत छोटं सोलर पॅनल लावायला ऑक्टोबर २०२४पासून कायद्याने पाठबळ दिलंय, एसीला दिलेलं नाही.

आणि केअरवॉख! हा या श्वाबेन भागाचा खास प्रकार. आठवड्याची पाळी आली की दाराच्या मुठीला एक लाकडी पाटी लटकते, मग त्या आठवड्यात जिना तुम्ही झाडून पुसायचा. अंगण, फुटपाथ आणि बर्फ यांची पाळी वेगळी. पहिल्या खेपेला मी शनिवारी सकाळी भराभर झाडून मोकळा झालो. तळमजल्याच्या आजी (आमच्यात आजीच म्हणतो, तोंडावर अर्थात फ्राउ आणि आडनाव) चष्मा लावून आल्या, कठड्याच्या खालच्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं. काही बोलल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात मी ती पट्टी जुन्या टूथब्रशने घासली, तेव्हा त्यांनी घरच्या प्लमच्या जॅमची बाटली दिली. भाड्याने सात वर्षं राहिलो, पण शेजाऱ्याच्या घरचं काही हातात पडण्याची ही पहिलीच वेळ.

आता आठ हजारांची गोष्ट. ही चूक माझी आहे.

फ्लॅट घेतला म्हणजे भिंतींच्या आतली जागा आपली. छप्पर, बाहेरच्या भिंती, जिना, पाइप, इतकंच काय पण खिडक्यासुद्धा सगळ्यांच्या मिळून. त्यासाठी दरमहा हाउसगेल्ड, आपल्याकडचा मेंटेनन्सच म्हणा, आमचा ३४० युरो. त्यातला काही भाग दुरुस्तीच्या गंगाजळीत जातो. खरेदीआधी मागच्या तीन वर्षांच्या बैठकांची इतिवृत्तं मागून घ्यावीत असं सगळे सांगतात. मी मागितली, मिळाली, भाषांतराच्या ॲपमधून काढली आणि चहा पिता पिता चाळली. तिन्ही वर्षं एक ओळ होती: 'छप्पर', आणि पुढे एक शब्द, फेअरटाग्ट. पुढे ढकललं. मला वाटलं, पुढे ढकलतायत म्हणजे घाई नसेल.

घाई होती. कोणालाच पैसे काढायचे नव्हते म्हणून ढकलत होते. एप्रिल २०२५मध्ये चर्चच्या एका सभागृहात बैठक झाली. तीन आठवडे आधी पत्र आलं होतं, त्यात तीन कोटेशनं. छपराचं इन्सुलेशन आणि कौलं, ९६,००० युरो. गंगाजळीत होते ३१,०००. उरलेले ६५,००० मालकांनी वाटून घ्यायचे, याला झोंडरउमलागं म्हणतात. मत प्रत्येकाला एक, पैसे मात्र हिश्शाप्रमाणे. आमचा हिस्सा हजारात १२८, म्हणजे ८,३२०. ठराव पाच विरुद्ध तीन असा साध्या बहुमताने झाला. विरोधात तळमजल्याचे दोघे आणि पहिल्या मजल्यावरचे एक, त्यांच्या डोक्यावर छप्पर कुठे तापतं? आमचं मत बाजूने होतं, झोपायला आम्हालाच तिथे लागतं. ठराव मान्य नसेल तर महिन्याच्या आत कोर्टात जाता येतं, कोणी गेलं नाही.

जुन्या मालकाला फोन केला. तो शांतपणे म्हणाला की वर्गणी देय होते तेव्हा जो मालक असेल त्याने भरायची. खरंच तसंच आहे. करारात एक वाक्य घातलं असतं, किंवा छप्पर दाखवून दहा हजार कमी करून घेतले असते, तर प्रश्न मिटला होता. त्या वेळी मी दिव्यांवरून घासाघीस करत होतो.

ते पैसे आले कुठून? आमचं कर्ज ३,००,००० चं, दहा वर्षांसाठी व्याज ३.६ टक्क्यांवर बांधलेलं, मुद्दल सुरुवातीला वर्षाला २ टक्के, हप्ता १,४०० युरो. करारात दरवर्षी ५ टक्क्यांपर्यंत मुद्दल जास्तीचं फेडायची मुभा आहे आणि त्यासाठी आम्ही वर्षभर पैसे साठवत होतो. ते सगळे कौलांवर गेले. दहा वर्षांनी दंडाशिवाय कर्ज सोडवता येतं, तेव्हा बघू. तोवर हप्ता आणि हाउसगेल्ड मिळून आधीच्या भाड्यापेक्षा महिन्याला चारेकशे जास्त जातात. 'भाडं फुकट जातं' म्हणून कोणी घर घ्यायला निघालं असेल तर त्याने हा आकडा कागदावर मांडून बघावा. या देशात निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात आणि ते काही खुळे नाहीत.

मग घेतलं त्याचं वाईट वाटतं का? नाही. काम ऑगस्टअखेर संपलं आणि सप्टेंबरातल्या गरम आठवड्यात वरच्या खोलीत २५ अंश होते, मी रोज रात्री थर्मामीटर बघायला जायचो. लेकीने भिंतीवर पेन्सिलने उंचीच्या रेघा मारल्यात आणि त्या कोणाला विचारून पुसायच्या नाहीत. जमिनीवरचा करही अपेक्षेपेक्षा कमी आला. २०२५पासून आमच्या राज्यात तो फक्त जमिनीच्या भावावर लागतो, इमारतीवर नाही, आणि आठ जणांत वाटलेली जमीन कितीशी असणार.

कोणी इथे फ्लॅट बघत असेल तर घर बघायला एकदा गेलात तरी चालेल, पण इतिवृत्तं तीनदा वाचा, तीही जर्मन येणाऱ्या माणसाला शेजारी बसवून. गंगाजळीत किती आहे ते विचारा आणि छपराचं वय विचारा.

परवा एप्रिलच्या बैठकीचं आमचं इतिवृत्त फाइलला लावताना पुन्हा वाचलं, या वेळी ॲपशिवाय. सातव्या मुद्द्यात खिडक्या बदलायचा विषय आहे. १९७२च्या चौकटी आहेत, हिवाळ्यात हात लावला तर वारा लागतो. छपराचा खर्च नुकताच मंजूर झालेला, सगळे दमलेले, कोणीतरी म्हणालं की हे नंतर बघू. त्यापुढे लिहिलंय फेअरटाग्ट, आठ विरुद्ध शून्य. त्या आठांत एक हात माझा होता.