गजकर्णावर कुठलं मलम: दिवसातून दोनदा लावायचं की एकदा?

पावसाळा लागला की सातपूरच्या आमच्या कंपनीत चिखल्यांची तक्रार सुरू होते. ओले मोजे, वरून आठ तास सेफ्टी शूज. गेल्या वर्षी मला चिखल्यांसोबत जांघेत गजकर्णही झालं, आणि क्लोट्रिमॅझोल व ल्युलिकोनॅझोल ही बुरशीवरची दोन्ही मलमं लावून झाली. यातलं कुठलं घ्यावं या विचारात कोणी असेल तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

आधी तिसऱ्या ट्यूबबद्दल. मेडिकलमध्ये ‘खाजेचं मलम द्या’ म्हटलं की बरेचदा हीच हातात पडते, माझ्याही पडली. दोन दिवसांत खाज थांबली, चट्टा फिका झाला. मलम बंद केलं आणि पंधरा दिवसांत रुपयाएवढा चट्टा तळहाताएवढा झाला. त्वचारोगाच्या डॉक्टरांनी ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं माझ्यासमोर धरली: क्लोबेटासोल. हे जोरकस स्टिरॉइड. खाज आणि लाली दाबून टाकतं, बुरशी मात्र खाली पसरत राहते. जांघेतली कातडी आधीच नाजूक. ती पातळ होऊन कायमचे वळ पडू शकतात. क्लोट्रिमॅझोल हे बुरशीचं औषध आणि क्लोबेटासोल हे स्टिरॉइड, दोघांची सुरुवात ‘क्लो’नेच होते. म्हणून शेवटी ‘झोल’ आहे की ‘सोल’, ते काउंटरवरच वाचा. त्यात बेटामेथासोन किंवा मोमेटासोन (हीही स्टिरॉइडच) दिसलं तरी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. 2018 मध्ये अशी बरीच स्टिरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायच्या यादीत गेली, तरी ती सहज मिळतात.

आता खरी निवड. क्लोट्रिमॅझोल जुनं, स्वस्त, जनऔषधी केंद्रातही मिळतं. औषध म्हणून त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण ते दिवसातून दोनदा लावायचं, आणि माझं अडलं ते सकाळी. पहिली पाळी सातची, सहाला बस. आंघोळीनंतर जांघ आणि बोटांची बेचकी पूर्ण कोरडी करायची, मलम लावायचं, ते मुरेपर्यंत थांबायचं. थांबायला वेळ कुठला? घाईत पँट चढवली की अर्धं मलम कापडाला. आठवड्यातल्या दोन-तीन सकाळी तर ते लावणंच राहून जायचं. तिसऱ्या आठवड्यातही चट्ट्याची कड खवल्यासारखी सुटतच होती. यात औषध कितपत कमी पडलं आणि माझी टाळाटाळ कितपत नडली, हे मला नक्की सांगता येणार नाही.

मग डॉक्टरांनी ल्युलिकोनॅझोल दिलं. ते दिवसातून एकदाच. महाग आहे, हे खरं. पण रात्री जेवण झालं की पाय धुवायचे, पुसायचे, मलम लावून सैल लुंगीत झोपायचं. महिनाभरात एकही दिवस चुकला नाही. मला गुण याच्यानेच आला, आणि माझ्यासारख्या पाळीवाल्याला मी तरी हेच सुचवेन. टर्बिनाफिन या बुरशीच्या आणखी एका औषधाचंही विचारलं होतं. आपल्याकडच्या बुरशीवर आता ते पूर्वीसारखं चालत नाही, असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं.

लावायची पद्धत दोन्हींची सारखीच. बोटाच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढं मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. चट्ट्याच्या बाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत न्यायचं, कारण बुरशी कडेने पसरते. आणि कातडी स्वच्छ दिसायला लागली तरी आणखी दोन आठवडे लावायचं. मला सांगितलेलं हेच, आणि लोक सोडतात ते इथेच. टॉवेल वेगळा, कपडे उन्हात वाळवलेले. नखांत किंवा डोक्यात बुरशी असेल तर मलम सहसा पुरत नाही, गोळ्या लागतात. गरोदरपण असेल किंवा लहान मूल असेल तर आधी डॉक्टर.

आमच्या वडिलांना शुगर आहे, म्हणून त्यांच्या चिखल्यांवर माझी ट्यूब लावू दिली नाही. त्यांना दाखवूनच आणलं. बायकोलाही चट्टा उठला होता. घरात एकाला राहिलं की फिरून सगळ्यांना होतं, म्हणून तिचेही उपचार माझ्याबरोबरच सुरू केले. डॉक्टरांनी तिला क्लोट्रिमॅझोल दिलं. ती घरूनच शिवणकाम करते, सकाळी मुलं शाळेत गेली की निवांत लावायची. तिचा चट्टा त्यानेच गेला.